न दिलेली गोळी

कल्याणहून सकाळची कसारा लोकल पकडली की टिटवाळा, खडवली, वाशिंद, आसनगाव, आटगाव करत ती खर्डीला येते. खर्डीपर्यंत डबा निम्मा रिकामा झालेला असायचा. उतरणाऱ्यांत दोन-चार शिक्षक, एखादा ग्रामसेवक, दूध घालून रिकाम्या किटल्या घेऊन परतणारे आणि मी. नर्सिंग शिकून नुकतीच बाहेर पडले होते आणि एका छोट्या संस्थेत लागले होते. काम असं की खर्डीच्या आसपासच्या पाड्यांवरच्या बायांना आरोग्याचं शिकवायचं. दर शनिवारी त्या खाली यायच्या, मी कल्याणहून वर जायची आणि खर्डीत भेट व्हायची.

ही गोष्ट 1987 सालच्या पावसाळ्यातली. तिला आता बरीच वर्षं झाली, पण तिच्यातला प्रश्न अजून माझ्या मागे आहे. प्रश्न साधा आहे: माणसाला किती शिकवावं? आणि किती शिकवायचं हे कुणी ठरवावं?

आधी मुलूख सांगते. शहापूर तालुका म्हणजे मुंबईचा पाण्याचा माठ. तानसा 1892 पासून मुंबईला पाणी देतोय, वैतरणेवरचा मोडकसागर त्यानंतरचा, भातसा त्याहून नंतरचा. तानसाचे जाडजूड नळ रानातून मुंबईकडं गेलेले दिसतात आणि त्याच रानातल्या पाड्यांवर चैत्र-वैशाखात बाया झऱ्याच्या डबक्यातून वाटीवाटीनं पाणी भरताना दिसतात. वस्ती ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली आणि कुणब्यांची. दिवाळी झाली की कातकऱ्यांची घरंच्या घरं वीटभट्टीवर जायची, ती पावसाच्या तोंडावर परत यायची. आषाढ-श्रावणात आवणीची घाई, ओढे दुथडी, कणगी रिकामी आणि लहान पोरं आजारी. सगळं एकदमच.

शनिवारच्या वर्गाला चौदा बाया यायच्या. पाड्याच्या बैठकीत लोकांनीच निवडलेल्या. त्यातल्या तिघींना अक्षरओळख होती, बाकीच्यांना नव्हती. शिकवायला तेवढ्यानं काही अडत नसे. गोळी सकाळी द्यायची तर सूर्याचं चित्र, रात्री द्यायची तर चंद्राचं. जुलाबाला एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. साखर नसेल तर तांदळाची पेज, मीठ घालून. पोराच्या दंडाला रंगीत पट्टी लावून बघायचं, लाल रंग आला तर खाणं वाढवायचं आणि आम्हाला कळवायचं. बाळाची नाळ नव्या पात्यानं कापायची, तिला शेण-राख लावायची नाही, बाळाला लगेच आंघोळ घालायची नाही. प्रत्येकीला एक पत्र्याची पेटी दिली होती. तिच्यात तापाच्या गोळ्या, मलेरियाच्या गोळ्या, जंताचं औषध, लोहाच्या गोळ्या, खरजेचं औषध, कापूस, पट्ट्या आणि क्षारसंजीवनीच्या पुड्या.

त्यांच्यातली एक ठाकरीण चाळिशीच्या पुढची होती. पाड्यावर सुईणपण करायची. तिचं नाव इथं लिहीत नाही, आम्ही सगळ्या तिला मावशीच म्हणायचो. ठाकरी बोलीत अहो-जाहो नाही. ती डॉक्टरांनाही तूच म्हणायची आणि मलाही. सुरुवातीला मला ते टोचायचं. पुढं कळलं की ज्याला तू म्हणता येतं त्यालाच खरा प्रश्न विचारता येतो.

त्या वर्षी जूनमध्ये मी धाप ओळखायला शिकवलं. लहान मुलाला सर्दी-खोकला झाला की सगळे घाबरतात किंवा कुणीच घाबरत नाही. खरी भीती न्यूमोनियाची. तो ओळखायला छातीवर नळी लावावी लागत नाही, पोराचं अंग उघडं करून शांतपणे बघावं लागतं. श्वास फार जलद चाललाय का? वर्षाच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला पन्नासच्या वर गेला तर लक्षण वाईट. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल तर फारच वाईट. घड्याळ न कळणाऱ्या बायांना मी सांगितलं, तेवढ्याच वयाचं धडधाकट पोर शेजारी झोपवा आणि दोघांची पोटं बघा. मावशी हे पटकन शिकली. जन्मभर बाळंतिणी आणि बाळं बघितलेले डोळे ते.

वर्ग संपताना तिनं विचारलं, "बाय, धाप वळखाया शिकवलीस. मंग ती थांबवाया कदी शिकवशील?"

मी हसले. म्हटलं, "मावशी, ते डॉक्टरांचं काम. तू ओळखायचं आणि पोराला खाली घेऊन यायचं."

"वाटेत वढा हाय," ती म्हणाली.

मी त्यावर काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक काहीच बोलले नाही. माझी परतीची गाडी होती.

पाच-सहा आठवड्यांनी, आषाढातल्या एका शनिवारी, मी गाडीतून उतरले तर मावशी फलाटावरच्या बाकावर बसलेली. अंगावरचं इरलं बाजूला काढून ठेवलेलं, पेटी मांडीवर. शेजारी एक तरणी बाई, तिच्या पदरात नऊ महिन्यांचं पोर गुंडाळलेलं. मी धावत गेले आणि पदर बाजूला केला. पोर थंड होतं.

मावशीनं सगळं क्रमानं सांगितलं. बुधवारी संध्याकाळी तिला धाप दिसली. शेजारच्या पोराजवळ झोपवून तिनं बघितलं, खात्री केली. गुरुवारी ओढ्याला पाणी होतं. दोन माणसं दोर घेऊन गेली आणि परत आली. गुरुवारी रात्री बरगडी आत जायला लागली. शुक्रवारी दुपारी पाणी थोडं उतरल्यावर ते निघाले, रात्र एका वस्तीवर काढली. पहाटे वाटेतच पोर गेलं. मी शनिवारी याच गाडीनं येते हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती स्टेशनवर येऊन बसली होती.

तिनं पेटी माझ्या हातात दिली. आवाज चढवला नाही. "ही ने. आधी पोर जायचं तं देवानं नेलं म्हणायचो. आता मला बुधवारपास्नं ठावं व्हतं. पोराची आय माझ्या तोंडाकडं बघत बसली आन् माझ्या पेटीत काय नवतं. वळखाया येतं आन् कराया येत नाय, तं वळखूच नको."

त्याच आठवड्यात माझ्या स्वतःच्या पिशवीत को-ट्रायमॉक्साझोलच्या मुलांच्या गोळ्यांची पट्टी होती. भाचीसाठी घेतलेली. बुधवारी त्या गोळ्या त्या पोराला सुरू झाल्या असत्या तर ते वाचलंच असतं असं मी म्हणणार नाही. तसं कुणीच म्हणू शकत नाही. पण वाचण्याची चांगली शक्यता होती, आणि ती शक्यता कल्याणला माझ्या घरी खुंटीवर लटकत होती.

संस्थेत बैठक झाली. आमचे डॉक्टर पंधरा दिवसांतून एकदा मुंबईहून यायचे. वयस्कर, सज्जन माणूस. त्यांचं म्हणणं मी इथं नीट मांडते, कारण ते उडवून लावण्यासारखं नव्हतं. ते म्हणाले, अर्धवट ज्ञान अज्ञानापेक्षा घातक. साध्या सर्दीला ही बाई प्रतिजैविक देत सुटेल. मात्रा चुकेल. एखाद्या मुलाला औषधाची वावडी असेल. कायदा आपल्या बाजूचा नाही. आणि आज गोळी दिली तर उद्या ती सुई मागेल. याला शेवट कुठं?

मी तेव्हा उत्तर देऊ शकले नाही. गाडीत बसल्यावर विचार करत गेले. वासिंदच्या पुढं कुठंतरी एक गोष्ट ध्यानात आली. डॉक्टरांनी सांगितलेला प्रत्येक धोका दिलेल्या गोळीचा होता. चुकीची गोळी दिली तर पुरळ उठेल, उलटी होईल, लोक येऊन जाब विचारतील, कागद होईल. न दिलेल्या गोळीचं तसं नसतं. तिची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. ते पोर आमच्या कुठल्याही अहवालात चूक म्हणून आलं नव्हतं. अहवालात ते 'वेळेत न आलेला रुग्ण' होतं. म्हणजे चूक कुणाची, तर नऊ महिन्यांच्या पोराची आणि ओढ्याची.

आपण काही केलं नाही की आपले हात स्वच्छ राहिले असं आपल्याला वाटतं. शहरात ते बऱ्याच वेळा खरंही असतं, कारण आपण नाही केलं तर करणारा दुसरा कुणी पुढच्या गल्लीत असतो. पाड्यावर दुसरा कुणी नसतो. तिथं 'हे डॉक्टरांचं काम' या वाक्याचा अर्थ 'हे कुणाचंच काम नाही' असा होतो. मी ते वाक्य हसत म्हटलं होतं.

मग मी दुसरी चूक केली. पुढच्या शनिवारी समजूत घालून पेटी मावशीला परत दिली आणि तिच्यात तळाला, कापसाखाली, त्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या ठेवल्या. बाजूला घेऊन मात्रा समजावली आणि म्हटलं, "कुणाला सांगू नकोस."

तिनं पट्ट्या काढून माझ्या हातात दिल्या.

"चोरून दिलीस तं चोरी माझी व्हईल," ती म्हणाली. "उद्या गोळी दिली आन् पोर दगावलं, तं तू गाडीत बसून जाशील. मी कुटं जाऊ? मला त्याच झऱ्यावर पाणी भरायचंय. द्यायची तं समद्यांम्होरं दे. तुजा डॉक्टर दिल तं घेईन."

मला वाटत होतं की नियम मोडून मी धाडस केलं. खरं म्हणजे नियम मोडण्याचा सगळा धोका मी तिच्या पेटीत ठेवला होता आणि समाधान तेवढं स्वतःकडं घेतलं होतं. परोपकारात ही गोष्ट फार वेळा घडते आणि करणाऱ्याला ती दिसत नाही. ज्याच्या भल्यासाठी आपण करतो त्यालाच किंमत मोजायला लावतो.

डॉक्टरांना मी दोन्ही गोष्टी सांगितल्या, माझी चोरीसुद्धा. ते बराच वेळ गप्प बसले. भाद्रपदात, पाऊस ओसरल्यावर, ते स्वतः पाड्यावर चालत आले. पासष्टीचा माणूस, चिखलात दोनदा पडला. दोन दिवस राहिले. पाड्यावरची आणि शेजारच्या वाडीवरची सगळी आजारी-बरी पोरं मावशीसमोर बसवली, आधी तिला बघायला लावलं, मग स्वतः तपासलं. बहुतेक पोरांबद्दल दोघांचं एकमत झालं. दोन ठिकाणी ती चुकली. डॉक्टर मला म्हणाले, "माझे हाउसमन याहून जास्त चुकायचे."

त्यानंतर जे ठरलं ते सगळ्यांसमोर ठरलं. गोळी कुणाला द्यायची, कुणाला द्यायची नाही, किती, किती दिवस, हे डॉक्टरांनी कागदावर लिहून सही केली. म्हणजे जबाबदारी त्यांची. बरगडी आत जात असेल तर पहिली गोळी द्यायची आणि पोराला खाली न्यायचंच. गोळी दिलेल्या प्रत्येक पोराची खूण वहीत करायची आणि शनिवारी ती वही आम्ही मिळून बघायची. तिसरी गोष्ट मावशीनं घालायला लावली. पाड्याच्या बैठकीत लोकांना सांगायचं की या गोळीनं काय होतं आणि काय होत नाही, आणि ती देऊनही पोर जाऊ शकतं.

आम्ही हे काही जगावेगळं करत होतो अशातला भाग नव्हता. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा शिकलेल्या नर्सबाया खेड्यात टिकत नाहीत हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं. त्यांनी गावातल्याच बाया घेतल्या. बऱ्याचशा निरक्षर, कित्येकजणी दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. आमच्याजवळ, खाडीपलीकडं अलिबाग तालुक्यात मांडव्याला डॉ. नोशीर अंतिया यांनी सत्तरच्या दशकात तेच केलं. ते मुंबईतले नावाजलेले प्लास्टिक सर्जन. अर्धशिक्षित बाया कुष्ठरोग आणि क्षय ओळखतात, औषध नियमित चालू ठेवतात, हे त्यांनी दाखवलं. 1978 मध्ये अल्मा आटा इथं जगातल्या देशांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा केला, त्याच्यामागं अशाच कामांचा अनुभव होता.

पण आमच्या डॉक्टरांच्या मनातली शेवटची शंका फिटली ती 1990 मध्ये. डॉ. अभय आणि राणी बंग यांचा गडचिरोलीचा अभ्यास 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला होता. आईबापांना धोक्याची लक्षणं समजावून आणि गावातल्याच कार्यकर्त्यांना व सुईणींना न्यूमोनियाचा उपचार शिकवून बालमृत्यू खाली आणता येतात, असं त्यात होतं. औषध तेच, को-ट्रायमॉक्साझोल. डॉक्टर त्याची झेरॉक्स घेऊन खर्डीला आले आणि मावशीला म्हणाले, "बाई, आपण बरोबर होतो." ती म्हणाली, "तुला आता कळलं?" पुढं 1999 मध्ये बंग दांपत्याचा दुसरा अभ्यास आला. 39 गावांत शिकवून तयार केलेल्या बायांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, जंतुदोष झाला तर इंजेक्शनसुद्धा दिलं, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यू निम्म्याहून खूप खाली आले. आमच्या डॉक्टरांना भीती होती ती सुई अशी बायांच्या हातात आली होती, आणि तिनं बाळं वाचली होती.

इथं थांबले तर गोष्ट फार गोड होईल. तिची दुसरी बाजूही आहे.

त्याच काळात एक माणूस मोटारसायकलवर बॅग टाकून पाड्यांवर हिंडायचा. तापाला सुई, अंगदुखीला सुई, अशक्तपणाला सलाईन. पैसे नसले तर कोंबडी. त्याच्याजवळही कुठली पदवी नव्हती आणि तोही म्हणायचा, डॉक्टर येत नाही तिथं मी येतो. मग त्याच्यात आणि मावशीत फरक काय? मी आधी म्हणायची, मावशी पाड्यातलीच आहे, तिला तिथंच राहायचंय, हाच फरक. पण भगतसुद्धा पाड्यातलाच असतो. बाळाच्या पोटाला डाग देणारी म्हातारीही पाड्यातलीच, आणि मायेनंच देते. जवळ असणं पुरेसं नाही.

फरक मला एका हिवाळ्यात कळला. मावशीनं गोळ्या दिलेल्या एका पोराच्या अंगावर लाल चट्टे उठले, तोंड आलं. औषधाची वावडी. तिनं गोळ्या बंद केल्या, रातोरात पोराच्या बापाला बरोबर घेऊन खाली आली, पोराला दवाखान्यात पोचवलं. पोर बरं झालं. पुढच्या बैठकीत तिला कुणी काही विचारलं नव्हतं, तरी ती उभी राहिली आणि म्हणाली, "ते माझ्या गोळीनं झालं. गोळी चुकीची नवती, पर झालं गोळीनंच. त्या पोराला ती गोळी परत कुणी देऊ नका." आणि वहीत खूण करून घेतली. मोटारसायकलवाल्याकडं वही नव्हती. भगताकडंही नव्हती. खरं सांगायचं तर पुष्कळ पदवीधरांकडंही तशी वही नसते.

त्या वहीबद्दल एक गोष्ट मला उशिरा समजली. तिच्या पहिल्या पानावर सगळ्यात वर एक रिकामं वर्तुळ होतं. सूर्य नाही, चंद्र नाही, गोळीची खूण नाही. मी समजत होते की पेन चालतं का बघितलं असेल. बऱ्याच वर्षांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ते पयलं पोर. त्याला काय दिलं नाय ना, म्हणून आत काय काढलं नाय." आमच्या अहवालात जी चूक कुठंच नव्हती, ती या निरक्षर बाईनं वहीच्या सुरुवातीलाच लिहून ठेवली होती.

आणखी एक हिशेब राहतो, तो पैशाचा. तिला आम्ही काय देत होतो? शनिवारची मजुरी आणि चहा-भाकरी. बाकी 'सेवा'. 2 ऑक्टोबर 1977 ला सरकारनं गावोगाव आरोग्यरक्षक नेमायची योजना आणली, त्यात महिन्याला 50 रुपये मानधन होतं, आणि नेमले गेले ते बहुतेक पुरुष. आमच्याकडं बाया होत्या आणि मानधन नव्हतं. आवणीच्या दिवसांत मजुरी असते, आजारपणंही तेव्हाच असतात. पोर बघायला गेली की मावशीचा रोज बुडायचा. एकदा मी तिला कौतुकानं म्हटलं, "मावशी, तुझं पुण्य मोठं." तिनं विचारलं, "तुजा पगार किती?" मी आकडा सांगितला. ती म्हणाली, "मंग पुण्य तू घे, पगार मला दे." सगळ्या बाया हसल्या. मीही हसले, पण घरी गेल्यावर हसू आलं नाही. सेवा हा शब्द चांगलाच आहे. फक्त तो नेहमी गरिबातल्या गरीब बाईलाच का वापरला जातो, हे विचारायला हवं.

2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' आल्या. गावातलीच बाई, गावानं निवडलेली, हे जामखेड-गडचिरोलीचं तत्त्व देशभर गेलं. नवजात बाळाच्या घरभेटी त्यांच्याकडं आल्या. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा गौरव केला. आणि तरीही कागदावर ती स्वयंसेविकाच. पगार नाही, कामागणिक मोबदला. बाळाच्या ठरलेल्या सगळ्या घरभेटी केल्या की 250 रुपये, असा. मानधनासाठी महाराष्ट्रातल्या आशांना मुंबईत येऊन मैदानात बसावं लागलं आहे.

काही वर्षांपूर्वी मी पाड्यावर गेले होते. आता ओढ्यावर मोरी झाली आहे, जीप जाते. एकशे आठ नंबरची गाडीही येते, मात्र फोनला रेंज मिळेल त्या टेकाडावर जाऊन ती बोलवावी लागते. मावशी थकली आहे, डोळ्यांना कमी दिसतं. पत्र्याच्या पेटीत नागलीचं बी ठेवलेलं. तिची सून आशा आहे, दहावी झालेली. तिच्याजवळ डिजिटल थर्मामीटर, वजनकाटा, घड्याळ आणि भरायचे फॉर्म, मोबाइलमध्येही आणि कागदावरही. सून म्हणाली, "ताई, ट्रेनिंगमध्ये सगळं शिकवतात. पण पेटीत औषध संपलं की महिना-महिना येत नाही. मी ओळखते आणि बघत बसते."

मी मावशीकडं बघितलं. ती चुलीजवळ बसून ऐकत होती. "तुज्या सायबाला सांग," ती सुनेला म्हणाली, "समद्यांम्होरं सांग. वहीत लिव आन् सांग."

किती शिकवावं, या प्रश्नाचं माझं उत्तर आता एवढंच आहे. जेवढं करायची गरज पडणार आहे तेवढं सगळं शिकवावं, आणि जेवढं शिकवलं तेवढं करायचं साधन हातात द्यावं. शिकवणाऱ्यानं चुकीतला आपला वाटा आधी सही करून घ्यावा. आणि कामाचे पैसे द्यावेत. यातलं एकही टाकून बाकीचं केलं तर त्या बाईवर आपण ओझं टाकतो आणि त्याला सबलीकरण म्हणतो.

निघताना सुनेनं तिची वही दाखवली. ठळक अक्षरात तारखा, बाळांची वजनं, भेटी. एका रकान्यात तिनं लाल पेनानं लिहिलं होतं, 'औषध शिल्लक नव्हतं.' खाली सही आणि तारीख. मी विचारलं, असा रकाना छापील नमुन्यात असतो का? ती म्हणाली, "नाही ताई. आत्यानं आखायला सांगितला."